शिवेबाहेरची तपासणी

शर्मिला परबला गेली बारा वर्षं एकच प्रश्न विचारला जात होता आणि बारा वर्षांत तिला त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. वाचनालय हवंच कशाला?

आंबेरणे गावातलं सार्वजनिक वाचनालय म्हणजे पंचायतीची एक खोली, सात कपाटं, दोन बाकडी, एक पंखा आणि ग्रंथपाल शर्मिला. एवढंच. पण ही खोली नेमकी किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालवणात पर्यटक मावेनासे झाले, तोंडवलीपर्यंत पसरले, आणि मग आंबेरण्याच्या सरपंचाच्या, म्हणजे अजयच्या, डोळ्यांत ही खोली भरली. तिथं स्कुबाच्या बुकिंगचं केंद्र काढायचं त्याच्या मनात होतं. माणूस वाईट नव्हता. गावातल्या पोरांना गावातच काम मिळावं म्हणून धडपडणारा होता. पण एकदा त्याच्या डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायला जेसीबीच लागायचा.

ग्रामसभेत तो सरळ म्हणाला, "शर्मिलाताय, आता सगळा मोबायलात गावता. पुस्तकां कोण वाचता?"

शर्मिला घडी घातलेला कागद घेऊन उठली आणि तिनं शुद्ध मराठीत वाचायला सुरुवात केली, "ग्रंथालय हे ज्ञानाचं मंदिर आहे..."

"देवळां काय कमी आसत गावात?" मागून कोणीतरी बोललं. सभा खदखदून हसली. शर्मिला खाली बसली ती तशीच. शेवटी एवढंच ठरलं, की जिल्ह्याच्या ग्रंथालय कार्यालयातून तपासणी व्हावी. वाचनालय नीट चालू आहे असा शेरा मिळाला तर खोली राहील, नाहीतर संक्रांतीपासून बुकिंग सुरू.

तपासणीची तारीख शर्मिलानंच मागून घेतली. तिथं ती चुकली. ते वर्ष गावपळणीचं होतं. दर तीन-चार वर्षांनी आंबेरण्याचा देव कौल देतो आणि सगळा गाव, गुराढोरांसकट, कुत्र्याकोंबड्यांसकट, तीन दिवस शिवेबाहेर जाऊन राहतो. मागं चिटपाखरू राहत नाही. दिवस कुठले, ते कौल होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्या वर्षी गावात शहाणा माणूस मार्गशीर्षात दातसुद्धा काढायचं ठरवत नाही. शर्मिलाला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्या हशानंतर तिच्या अंगात जी तगमग शिरली होती, ती तिला थांबू देईना. तिनं बुधवार पक्का केला. आणि कौल झाला तो मंगळवार ते शुक्रवार.

तिनं कार्यालयात फोन केला. पलीकडून शांतपणे सांगण्यात आलं, की मॅडमचा दौरा ठरलेला आहे, आता बदल केला तर पुढचा नंबर मार्चनंतर. संक्रांत तर महिन्यावर आली होती.

मंगळवारी सकाळी गावात नुसती धांदल. टेम्पोत भांडी चढत होती, बकऱ्या ओढल्या जात होत्या. त्यात शर्मिला कपाटं उघडून घरोघरी पुस्तकं वाटत सुटली. "तुमच्या सामानात ही चार घाला. उद्या बाई येतली, तेवा लागतली." लोकांनी घातली. कुणी तांदळाच्या पोत्यात, कुणी चादरींच्या घडीत, एकानं तर कोंबड्यांच्या टोपलीखाली. कुणाकडे काय गेलं, हे लिहून ठेवायला वेळ नव्हता. ती शिवेपार झाली आणि मागं ढोल वाजला, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नोंदवह्या टेबलावरच राहिल्या.

ती मागं वळून पळाली. शिवेच्या वडाखाली अजय उभा होता.

"ढोल वाजलो, ताय," तो म्हणाला. "आता कोणाकच आत जावक गावाचा नाय. माकाय नाय."

तो छळत नव्हता, खरंच बोलत होता. शर्मिलाच्या सात पिढ्यांत कोणी ढोलानंतर शीव ओलांडली नव्हती आणि तीही ओलांडणार नव्हती. पण ती तिथून हलेना. वाचनालयाचं लाल छप्पर खाडीपलीकडे स्वच्छ दिसत होतं. 

शिवेबाहेरच्या माळावर नारळाच्या झापांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. चुली पेटल्या, पत्ते निघाले, एका कोपऱ्यात दोन बुवांच्या भजनांची डबल बारी सुरू झाली. गावपळणीत लोक खुशीत असतात. घर नाही, केर नाही, शेजाऱ्याशी भांडायला कुंपण नाही. एकटी शर्मिला तेवढी राहुट्यांमधून भिरभिरत होती. नोंदवह्या नाहीत, तर निदान वाचक तरी दाखवायचे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"बाई इली काय पुस्तक हातात घ्यायचा," ती प्रत्येकाला सांगत होती. "आणि इचारला तर सांगायचा, वाचनालय ज्ञानाचा मंदिर आसा."

"ता परत?" देवेश तारी पत्त्यांतून मान वर करून म्हणाला. हा होडीवाला. ग्रामसभेत मागून बोलला तो हाच असणार, असा तिला दाट संशय होता.

"ताच," शर्मिला दातओठ खाऊन म्हणाली.

एका राहुटीच्या दारात यशोदाकाकी कुळीथ निवडत बसली होती. सत्तरी उलटलेली, अजयची आई. काकीला अक्षरओळख नव्हती. तरी दोन वर्षं ती रोज अकराला वाचनालयात यायची, पंख्याखालच्या बाकड्यावर बसायची, मांडीवर एखादं चित्रांचं मासिक घ्यायची आणि चारला उठून जायची. मधे कधी झोपायची. घोरायचीसुद्धा. शर्मिलानं तिला कधी काही म्हटलं नव्हतं. पण उद्या सरकारी बाईसमोर ही मासिक घेऊन बसली आणि बाईनं विचारलं, काय वाचलंत?

"काकी," शर्मिला हळूच म्हणाली, "उद्या तुमी जरा मागल्या बाजूक बसा हां. बाई येवन जाईपर्यंत."

काकीनं तिच्याकडे बघितलं. "बरा," म्हणाली आणि सूप उचलून राहुटीच्या मागं गेली. शर्मिलाला आत कुठंतरी टोचलं. पण अजून अकरा राहुट्या पढवायच्या बाकी होत्या.

बुधवारी अकराच्या ठोक्याला कार्यालयाची जीप माळावर आली. मुबश्शिरा काझी मॅडम उतरल्या. चाळिशीच्या, डोक्यावरून ओढणी, पायांत साध्या चपला, काखेत फाईल. त्यांनी एकवार राहुट्या बघितल्या, एकवार बकऱ्या बघितल्या.

"ग्रंथालय कुठे आहे?"

शर्मिलानं खाडीपलीकडे बोट दाखवलं. "ते लाल छप्पर."

"आणि नोंदवह्या?"

"आतच राहिल्या. गावपळण आहे, मॅडम. शुक्रवारपर्यंत आत कोणी जात नाही."

"मग मी तपासू काय?"

"वाचक," शर्मिला म्हणाली.

वाचक तयार होते. पहिल्या राहुटीत चारजण ओळीनं पुस्तकं उघडून बसले होते, शाळेत साहेब आल्यासारखे. मॅडमनी विचारताच एकजण उठून म्हणाला, "वाचनालय ज्ञानाचा मंदिर आसा." दुसऱ्या राहुटीत एका बाईनं तेच म्हटलं. तिसऱ्या राहुटीत मॅडमनी काही विचारायच्या आधीच एका म्हाताऱ्यानं ते म्हणून टाकलं. देवेशनं पुस्तक उघडलं, तर आतून इस्पिकची राणी खाली पडली.

मॅडमनी फाईल मिटली. हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"शर्मिलाबाई, हे तुम्ही पढवलंत."

"हो," शर्मिला म्हणाली. खोटं बोलायचं तिच्यात त्राण नव्हतं.

"मी दहा वर्षं हे वाक्य ऐकते आहे. ज्या ग्रंथालयांना शेवटी कुलूप लागलं, तिथंही हेच ऐकलं. मला मंदिर नको. तुमचं वाचनालय उद्या बंद झालं, तर कोणाचं काय अडेल? एकाचं सांगा."

शर्मिलानं तोंड उघडलं. वाचनालय स्थापन झाल्याचं साल आठवलं, पुस्तकांची संख्या आठवली. सभासद किती, वर्तमानपत्रं किती, सगळं ओठांवर आलं आणि त्यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बारा वर्षं त्या खोलीत घालवून आपल्याला एक माणूस सांगता येऊ नये? 

अजय हातांची घडी घालून उभा होता. त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट थोडा कनवाळूपणाच होता. "मॅडम, मी ह्याच म्हणतंय. कोणाचा काय अडाचा नाय."

"माजा अडतला."

आवाज राहुटीच्या मागून आला. सूप बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत यशोदाकाकी पुढं आली.

"काकी, तुम्ही काय वाचता?" मॅडमनी विचारलं.

"माका वाचूक येणा नाय."

कोणीतरी खुदकन हसलं. शर्मिलानं डोळे मिटून घेतले. मॅडमनी मात्र फाईल जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि त्यांची ऑफिसातली मराठी कुठल्या कुठे गेली. "मगे थय जावन करतास काय? सांगा माका."

"बसतंय," काकी म्हणाली. "अकराक घरात ऱ्हवाक पर्यटक पावणे येतत. माजी खोली दर्याच्या बाजूक, ती तेंका आवाडता. सून वायट नाय, भायर पडवीत बसा म्हणता. पडवीत बसलंय काय पावणे माजे फोटो काडतत. देवळात बसलंय तर बायलो इचारतत, सुनेशी भांडान इलंस काय? विहिरीर बसलंय तर इचारतत, अजय बघणा नाय काय? दुकानात बसाक काय तरी घेवक व्हया. अख्ख्या गावात ही एक जागा आसा, जय माका कोणी इचारणा नाय, तू कित्याक इलंस." तिनं शर्मिलाकडे हनुवटीनं दाखवलं. "ही पंखो लायता आणि आपला काम करता."

 कोपऱ्यातले भजनवाले जवळ सरकले.

अजयचा चेहरा पार उतरला. "आये, तू दुपारची लेकीकडे जातंस ना?"

"लेकीचा घर खाडयेपलीकडे. ह्या गुडघ्यांनी रोज जातलंय?"

"मगे माका बोललंस कित्याक नाय?"

"तू कदी इचारलंस?"

काकी हे रागानं म्हणाली नाही. म्हणूनच ते अजयला जास्त लागलं. 

शर्मिलाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं तर आत्ताच. जिच्यासाठी ते दार खरंखुरं उघडं होतं, नेमकं तिलाच आपण सुपासकट मागं बसवलं. एवढं वाटल्यावर तिला गप्प राहवेना.

"मॅडम, हिला आज समोर येऊ नका असं मीच सांगितलं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दोन वर्षं ही रोज आली. वाचत नाही म्हणून मी हिला हजेरीत एकदाही धरलं नाही. माझं चुकलं."

मॅडमनी फाईलमधला एक कोरा कागद काढून तिच्या हातात दिला. "मग आता धरा."

शर्मिलानं जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून 'यशोदा' असं लिहिलं.  तेवढ्यात देवेशनं घसा खाकरला.

"बापूस गेलो तेवा वारसाचो अर्ज हिणाच भरून दिल्यान," तो राणी खिशात घालत म्हणाला. "तीन खेपे फिरलंय मी तालुक्याक. हिणा एका दुपारी केला. पुस्तक काय मी वाचणंय नाय, पण लिवा माजा नाव."

मग आकांक्षा पुढं आली. हिचा भरतीचा अभ्यास वाचनालयात चालू होता. घरात टीव्ही सतत चालू असायचा आणि दोन धाकटी भावंडं सतत भांडायची. तिच्यामागून एकजण म्हणाला, पेपरात दुसऱ्या गावचं काय छापून येतं ते बघितल्याशिवाय आपल्याला जेवण जात नाही. ज्ञान हा शब्द कोणीही उच्चारला नाही. शर्मिला लिहीत राहिली. कागदाची पाठपोट भरली, मग मॅडमनी दुसरा दिला. हे सगळं ती बारा वर्षं रोज करत आली होती. पण हे काम वाचनालयाचं, असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यामुळे ते तिच्या भाषणाच्या कागदावरही कधी उतरलं नव्हतं.

जाताना मॅडमनी शेरा लिहिला आणि शर्मिलाला वाचायला दिला. 'ग्रंथालय गावाबाहेर असतानाही चालू आढळले. नोंदवह्या स्वतंत्रपणे पाहाव्यात.' जीप धूळ उडवत गेली. शर्मिलाला दोन दिवसांत पहिल्यांदा खाली बसावंसं वाटलं.

अजय आईजवळ येऊन उकिडवा बसला. तिचं सूप हातात घेऊन तो कुळीथ चाळवू लागला.

"वाचनालयाची खोली ऱ्हवांदे," तो शर्मिलाला म्हणाला. "बुकिंगाचा टेबल मी माज्या घराफुडल्या खळ्यात घालतंय." मग आईकडे वळला. "आणि परत गेलो काय तुजी खोली तुका. पावण्यांका मी वरची माडी करून देतंय. आता तुका थय जावन बसाची गरज नाय, आये."

 आपली एक वाचक जाते आहे असंच शर्मिलाला वाटलं आणि असं वाटल्याची तिला लाजही वाटली. 

"जातलंय," काकी म्हणाली.

"आता कित्याक?"

"इतके दिस घरात जागा नाय म्हणान जाय होतंय. कोण बघीत म्हणान खाली मान घालून जाय होतंय." काकीनं सूप त्याच्या हातातून काढून घेतलं. "आता घरात जागा आसा, तरी जातलंय. माका जावचा आसा म्हणान."