पसरलेले कान

"पळालीस तर मेलीस, अमाई. पाय रोवून उभी राहा," म्हातारा झाकेयो ओठ न हलवता पुटपुटला.

हत्तीण चाळीस पावलांवर, शेजारी पिल्लू. मागे लुआंग्वा नदी, नदीत मगरी. पळायला जागा नव्हती, तरी माझे पाय पळायलाच बघत होते.

मी एस्नार्ट, सफारी कँपावर चादरी धुते; इकडे बाईमाणसाला अमाई म्हणतात, बाप्याला बाम्बो. झाकेयो तीस वर्षं पाहुण्यांना रानातून पायी फिरवतोय. हत्तीच्या मनातलं ओळखायला शिकवा, म्हणून मीच त्याच्या मागे लागले होते. हत्तिणीने माझ्या नवऱ्याला का मारलं, ते मला कळायला हवं होतं.

"कान कसे आहेत?"

"पसरलेत. बाम्बो, मला मुतायला होतंय."

"मूत. तिला राग नाही यायचा. हलू मात्र नकोस."

ती चीत्कारत, धूळ उडवत आमच्या अंगावर सुटली. माझ्या पायांवरून ऊन ओघळ गेला. झाकेयोने दोन्ही हात वर केले आणि भांडखोर शेजारणीला दटावावं तसं दटावलं, "ए बये, पुरे!"

दहा पावलांवर ती थांबली. डोकं झटकलं, पिल्लाकडे परत गेली.

"कान पसरून, बोंबलत येते ती बहुतेक घाबरवायला येते. पळालं तरच मागे लागते. कान मिटून, गप येते ती मारायला."

गेल्या पावसाळ्यात, आमच्या मक्यात, ती हत्तीण बोंबलतच आली होती. पसरलेले कान मी बांधावरून पाहिले होते. आणि नवऱ्याला मीच ओरडून म्हणाले होते, "पळ! पळ!"

तो पळाला.

"हे पाहुण्यांना रोज सांगता," मी म्हणाले. "तीस वर्षांत गावाला एकदा तरी सांगितलंत?"

"गावाने कधी विचारलं नाही."

"पाहुणे विचारतात होय? त्यांना तर न विचारता सांगता!"

त्याने टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी गावच्या पाणवठ्यावर मी दोन्ही हातांत कँपाच्या चादरी हत्तिणीच्या कानांसारख्या पसरल्या आणि बोंबलत बायकांवर धावून गेले. "एस्नार्टला वेड लागलं!" म्हणत, हसत, बादल्या टाकून सगळ्या पळाल्या.

सासू तेवढी उभी राहिली. डोळे मिटलेले. दहा पावलांवर मी थांबले.

तिने डोळे उघडले. "तो उभा राहिला असता, तर तीही थांबली असती?"

मी चादरी खाली केल्या. त्यांची टोकं चिखलात भिजत राहिली.