केरबारावांचं नाव

उंब्रजच्या बाजारात कुणी सुलाबाईच्या वांग्यांना किडकी म्हटलं, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं वांगी घेऊन जायचं. पण हीच बाई घरी नवऱ्यानं हात उगारला, की कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसायची. बाजारात वाघीण नि घरात शेळी! तिचं तिलाच हसू यायचं.

या उन्हाळ्यात नवऱ्यानं तिचा हातच मोडला, तेव्हा ती कऱ्हाडला कोर्टात गेली. मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी मयूरी मॅडम सोबत होत्या. जजसाहेबांनी विचारलं, मारतो त्याचं नाव काय? सुलाबाई अडली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं लग्नात बजावलं होतं. "आमचं मालकच की," ती म्हणाली. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेवटी तिनं गळ्यात बांधलेला हात सावरला आणि जमेल तसा उखाणा घेतला,

"वांग्याच्या वाफ्याला मिरचीचं रोप,
केरबारावांच्या मारानं उडाली झोप."

शिपाई हसला, मग तिच्या मोडक्या हाताकडं बघून त्यानं तिला बसायला खुर्ची ओढली. हात मोडणाऱ्यालाही आपण राव म्हटलं, हे सुलाबाईच्या लक्षात आलं ते परतीच्या एसटीत. आपल्यासारखी येडी शोधून सापडायची नाही, असं तिला वाटलं.

कोर्टाचा हुकूम झाला. केरबानं तिच्यावर हात टाकायचा नाही, घरात पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर पोलीस उचलतील. तो भावाच्या वस्तीवर राहायला गेला. मयूरी मॅडमनी मात्र तिला बजावलं होतं, "मावशी, तुम्हीच कडी काढू नका बरं."

बेंदराच्या सणाला केरबा दारात उभा राहिला. "सुले, पोळ्या झाल्या न्हवं? दार उघड."

झाल्या होत्या. सवयीनं त्याच्या वाटणीच्याही झाल्या होत्या. हातही सवयीनं कडीवर गेला, आणि तोच हात ठणकला. ओठांवर आलेलं 'आवं' तिनं गिळलं.

"केरबा, माघारी जा. न्हाईतर पोलिसास्नी फोन लावते."

केरबानं मागं वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाला हाक मारली की काय, असं त्याला वाटलं असावं. शेजारणी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो निघाला.

सुलाबाईनं खिडकीतून वाकून पाहिलं. नवऱ्याचं आयुष्य काही कमी झालेलं नव्हतं. तो चांगलाच पाय आपटत, शिव्या घालत वस्तीकडं चालला होता. तिनं त्याच्या वाटणीची पोळी तुपात बुडवली आणि खायला बसली.