बरणीवरचं नाव

मिस आर्डेला मिम्स यांच्या हाताखाली मी टीव्हीच्या कामात आले आणि केसांचं जे काही कळतं ते त्यांच्याकडूनच शिकले. अटलांटाच्या दक्षिणेला, विमानतळाच्या अलीकडे, जुन्या गोदामांत आमच्या मालिकेचं चित्रीकरण चालायचं. इस्पितळातल्या नर्सेसची मालिका होती, आमच्या काळ्या लोकांत घरोघरी बघितली जायची. आवारात एक लांबलचक ट्रेलर उभा असे. आत आरसे, खुर्च्या, विग चढवलेली लाकडी डोकी आणि केस सरळ करायच्या गरम कंगव्याचा वास. तो ट्रेलर म्हणजे मिस आर्डेलांचं राज्य.

त्या येण्याआधी काळ्या नट्या घरूनच केस करून यायच्या, नाहीतर गाडीत बसून आरशात बघत स्वतःच उरकायच्या, कारण ट्रेलरमधल्या गोऱ्या बायकांना आमचे केस करता येत नसत. मिस आर्डेलांनी ते बंद केलं. कुणाचा अंबाडा, कुणाच्या बारीक वेण्या, सगळं त्या ठरवायच्या. संहिता वाचून सरळ दिग्दर्शकाला सांगायच्या, "ही बाई नवरा गेल्यावर महिनाभर डोक्याला कुणाचा हात लागू देणार नाही. रुमाल बांधते मी तिला." आणि तो ऐकायचा.

मुख्य नर्सचं काम करायची ती ताविया रोलिन्स. मेकनहून आलेली, वयाने पोरसवदा, तोंडाने फटकळ. मिस आर्डेलांचा तिच्यावर फार जीव. रोज विगची जाळी कपाळाला गोंदाने चिकटवून तिच्या कानशिलांवरचे केस विरळ व्हायला लागले. एके सकाळी ती खुर्चीत बसली आणि आरशात बघून म्हणाली, "मिस आर्डेला, असंच चाललं तर पुढच्या वर्षी मी टकल्या आजोबांचं काम करीन."

"गप बस. मान खाली कर," मिस आर्डेला म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात उद्योग सुरू झाला. शिया बटर, एरंडेल, रोजमेरी, पुदिन्याचा अर्क. शेगडीवर पातेलं, शेजारी बर्फाचं घमेलं. पहिल्यांदा केलेलं घट्ट झालं, दुसऱ्यांदाचं नासलं. माझ्या डोक्यावर, त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर लावून बघितलं, मग कुठे तावियाला लावलं. काही महिन्यांनी ताविया ट्रेलरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत गेली. प्रत्येकीसमोर कपाळ पुढे करून ओरडत होती, "बघा गं, हात लावून बघा! जावळ आलंय मला!"

तिथून ते मलम पसरलं. नट्या मागू लागल्या, त्यांच्या आया मागू लागल्या, चर्चमधल्या बायका रिकाम्या बरण्या घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. शेवटी एक कंपनी आली. ब्राइस नावाचा गोरा, हसरा माणूस मिस आर्डेलांच्या टेबलाशी बसून त्यांच्या हातचं गोड पीच कॉबलर दोनदा मागून खाऊन गेला. नाव, चेहरा, कृती, सगळं कंपनीला द्यायचं आणि बरणी देशभर जाणार. त्यांनी सही केली. हाव नव्हती त्यांना. मला म्हणाल्या, "कोरिन, अलाबामातल्या माझ्या गावात एकच दुकान होतं आणि आमच्या केसांसाठी कसल्याशा मलमाच्या एका डब्याशिवाय काही मिळायचं नाही. ते लावून माझ्या आईचे केस गेले. आता तिथे माझी बरणी असेल."

दुकानाच्या फळीवर त्यांनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बरोबर होते. हिरवी बरणी, त्यावर मोठ्या अक्षरांत 'आर्डेला', खाली त्यांचा फोटो, सुरकुत्या पुसलेला. त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "ही कोण चिकणी?" म्हणाल्या आणि तिथेच रडायला लागल्या.

दोनेक वर्षं चांगली गेली. मग त्या कंपनीला दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतलं. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. ट्रेलरमध्ये खोकी येत राहिली. नव्या खोक्यातलं मलम जरा पांढुरकं वाटलं, पण माल कधी कधी तसा येतो म्हणून आम्ही सोडून दिलं.

ताविया म्हणाली, "हे झोंबतंय."

"पुदिना आहे गं त्यात. झोंबणारच."

"तसं नाही, मिस आर्डेला. आग होतेय."

"लागू पडतंय म्हणून होतेय. बस पाच मिनिटं."

ताविया बसली. तिने कधीच त्यांचं म्हणणं मोडलं नव्हतं. त्या आठवड्यात सलग चित्रीकरण होतं, रोज विग चढत होता आणि रोज खाली ते मलम. शुक्रवारी विग काढला तेव्हा जाळीबरोबर कातडीचा पापुद्रा निघाला, त्याला केस चिकटलेले. ताविया ओरडली नाही. तिने आरशात मिस आर्डेलांकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय झालं?"

डॉक्टर म्हणाले, मुळं जळली आहेत, कानापासून कानापर्यंत. तिथे आता काही उगवणार नाही.

मग इतर ठिकाणांहूनही कळायला लागलं. मेम्फिसची शिक्षिका, जॅक्सनच्या दोघी बहिणी. लोक इंटरनेटवर फोटो टाकायचे आणि खाली लिहायचे, 'आर्डेलाने माझं हे केलं.' कंपनीचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण बरणीवर ते मुंगीएवढ्या अक्षरात होतं.

मिस आर्डेलांनी ब्राइसला फोन लावला, नव्या कंपनीतही तोच होता. मी समोर बसले होते.

"माझी कृती बदललीत तुम्ही."

"सुधारली, मिस आर्डेला. जास्त दिवस टिकते आता. आमच्या प्रयोगशाळेने तपासलीय."

"कुणाच्या डोक्यावर तपासलीय?"

तो काहीतरी बोलत राहिला. त्या मध्येच म्हणाल्या, "माझं नाव काढा त्यावरून. बाकी काही नको मला."

"ते नाव आता तुमचं नाही ना," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, आजारी माणसाशी बोलतात तसं.

वकिलानेही तेच सांगितलं. तरी त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि इंटरनेटवर चित्रफीत टाकली. ही बरणी घेऊ नका, घेतली असेल तर फेकून द्या, माझ्याच हाताने मी एका पोरीचं डोकं जाळलंय. दोन दिवसांत कोर्टाच्या हुकमाने ती उतरवावी लागली. त्या मलमाबद्दल जाहीर एक अक्षर बोलायला बंदी आली. मालिकेत कंपनीच्या जाहिराती लागायच्या, त्यामुळे पुढच्या हंगामाला मिस आर्डेलांना बोलावणं आलं नाही. तावियालाही नाही. तिची नर्स परगावी बदली होऊन गेली असं दाखवलं.

ट्रेलर सांभाळशील का, असं मला विचारण्यात आलं. मी नाही म्हणणार होते. मिस आर्डेला संतापल्या. "नाही म्हण, म्हणजे ते कुणाला तरी आणतील जिला जट सोडवता येत नाही. मग त्या पोरी पुन्हा गाडीत बसून केस करतील. जा मुकाट्याने." मी गेले.

त्यांनी पुन्हा पातेलं चढवलं. जुनंच मलम, पहिल्यासारखं. साध्या बरण्यांत भरलं, वर काही लिहिलं नाही. रविवारी चर्चच्या तळघरात चिकन आणि कोलार्डची पालेभाजी वाढली जात होती तेव्हा त्यांनी सिस्टर विल्हेल्मिना, चर्चमध्ये बायकांना असंच म्हणतात, त्यांच्या हातात एक बरणी ठेवली. पूर्वी याच बाई रिकामी बरणी घेऊन सगळ्यांच्या आधी यायच्या.

"हे चांगलं आहे, विली. घरी केलंय."

विल्हेल्मिनांनी झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. "राग मानू नकोस आर्डेला. नातीच्या डोक्याचं काय झालं ते मी बघितलंय."

"ते माझं नव्हतं गं."

"तुझं नाव होतं ना त्यावर," त्या म्हणाल्या. बरणी टेबलावर ठेवून त्या आइस्ड टी आणायला गेल्या. दुसरं कुणी पुढे आलं नाही. भरलेल्या बरण्या मी परत गाडीत ठेवल्या.

ताविया मेकनला आईकडे परतली होती. मिस आर्डेला तिला फोन करायच्या, ती उचलायची नाही. एकदा तिच्या आईने उचलला.

"मिस आर्डेला, आता करू नका फोन."

"मला फक्त तिला सांगायचंय की..."

"माहितीय तिला. ती तुमच्यावर रागावलेली नाही. पण घरात तुमचं नाव निघालं की तिचा हात कपाळाकडे जातो आणि मग दिवसभर ती खोलीतून बाहेर येत नाही. आई आहे हो मी. मला ते बघवत नाही."

"बरं," मिस आर्डेला म्हणाल्या. "नाही करणार." आणि खरंच पुन्हा केला नाही.

त्यानंतर त्या खंगत गेल्या. डोक्याला कायम रुमाल, अंगावर सैल झालेले कपडे. मी त्यांना बळेबळेच बाहेर काढायचे. एका दुपारी आम्ही दूध आणि मक्याचं पीठ आणायला दुकानात गेलो. केसांच्या सामानाच्या फळीशी एक तरुण बाई उभी होती, ढकलगाडीत तिची लेक. लेकीचे केस असे दाट की दोन्ही बाजूंचे गोंडे कानांवर ओघळलेले. बाईने हिरवी बरणी उचलली.

मी मिस आर्डेलांचा दंड धरला, पण त्या पुढे गेल्या होत्या.

"बाळा, ते नको घेऊस."

"का बरं, मॅम?"

"केस जातात त्याने. पोरीला तर लावूच नकोस."

"माझी बहीण लावते. तिला काही झालं नाही." बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण पण?"

"मी आर्डेला."

बाईने बरणीवरच्या फोटोकडे बघितलं, मग समोर. तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं, थोरांशी बोलताना आवरतात तसं. "हो का मॅम? बरं, बरं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुमच्या आई का? माझ्या आजीचंही असंच झालं होतं शेवटी. सांभाळा त्यांना."

मला सगळं सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण मिस आर्डेलांनीच मान हलवली, नको म्हणून. बाईने बरणी गाडीत टाकली. आज एकावर एक फुकट होती, म्हणून तिने दुसरीही घेतली. छोटीने त्यातली एक उचलून मांडीवर घेतली आणि झाकण उघडतंय का ते बघू लागली.

घरी आल्यावर मी भेंडीची भाजी गरम केली, मक्याची भाकरी केली. मिस आर्डेला ताटापुढे बसल्या, पण घास उचलला नाही.

"किती वर्षांची असेल गं ती?" त्यांनी विचारलं.

"चार असेल."

"चार," त्या म्हणाल्या. मग ताट बाजूला सारून त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या. मी दिवा लावला तरी त्यांनी मान वर केली नाही.