माझे दार रोलंडच्या दारासमोर

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे, मित्रांनो. आधीच सांगून टाकलेले बरे, कारण खिडक्यांच्या कडेचे शेवाळ आणि मागच्या बाजूचा पोचा तुम्हाला दिसणारच आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे छोटेसे घर. आम्हाला इंजिन नसते, मोटारीच्या मागे जोडले की आम्ही निघालो. दुसऱ्याने ओढल्याशिवाय जिला हलता येत नाही, तिने खरे तर गर्व करू नये. मला मात्र तो भरपूर होता.

माझा जन्म इंग्लंडमधल्या हल शहराजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या भिंती, लाकडी सांगाडा, छोटी शेगडी, आणि दिवसा बाक तर रात्री पलंग होणारी बैठक, असा माझा थाट होता. पडदे नारिंगी होते. तेव्हा तीच फॅशन होती, त्याला माझा इलाज नव्हता.

क्लिफर्ड आणि एनिड थॅकरे या यॉर्कशरमधल्या जोडप्याने मला घरी नेले. त्या दिवशी एनिडने शेजाऱ्यांना चहाला बोलावले आणि तो चहा माझ्यात बसून पाजला. घर समोरच होते, पण घरात कोण बसतो!

लवकरच आम्ही कॅरॅव्हॅनवाल्यांच्या मंडळात सामील झालो. सुट्टी आली की कुणा शेतकऱ्याच्या कुरणात मेळावा भरायचा. कुरणात आधीच खुंट्या ठोकलेल्या असायच्या. प्रत्येकीने आपला मागचा डावा कोपरा आपल्या खुंटीला लावायचा आणि सगळ्यांची दारे एकाच बाजूला, डावीकडे. त्यामुळे प्रत्येकाच्या दारासमोर शेजारणीची पाठ यायची. कुणाची नजर कुणाच्या ताटात जाऊ नये, अशी ही व्यवस्था. रोलंड ब्लेन्किन हा आमचा व्यवस्थापक. तो गाठी मारलेली दोरी घेऊन दोन कॅरॅव्हॅनमधले अंतर मोजत फिरायचा. एखादी वीतभर सरकली तरी तो ती पुन्हा लावायला सांगायचा.

क्लिफर्ड मला मागे घ्यायचा आणि एनिड पाठीमागे उभी राहून हातवारे करायची. "ये, ये, ये... थांब! गेली बघ खुंटी!" ती ओरडायची. तोवर सारे मंडळ चहाचे मग घेऊन बघायला जमलेले असायचे. आमच्यात हीच मोठी करमणूक होती. नीटनेटकेपणाच्या बक्षिसाची ढाल मी अनेकदा मिळवली. ती माझ्या दारावर लागली की मी शेजारणींकडे ढुंकूनही पाहत नसे.

मग क्लिफर्ड गेला. काही वर्षे रोलंडनेच आपल्या पुतण्याला सांगून मला मेळाव्यांना ओढून नेले. एनिड मागून आपल्या मोटारीने यायची. पुढे तिची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी तिचे गाडी चालवणे बंद केले. मी घरासमोर ताडपत्रीखाली उभी राहिले. सुरुवातीला एनिड रोज यायची, आत बसायची, नुसतीच. नंतर तेही कमी झाले. ताडपत्रीखाली गोगलगायी सुखाने नांदू लागल्या. मला फार वाईट वाटायचे, पण तिचा राग कधी आला नाही.

इकडे मंडळही म्हातारे झाले होते. तरुण कुटुंबे यावीत म्हणून त्यांनी उपाय केले नाहीत असे नाही. रंगीत पत्रके छापली. त्यांवर हसणाऱ्या मुलांचे फोटो होते, पण ती मुले आता स्वतःच टकली झाली होती. गॅसची टाकी कशी जपावी यावर व्याख्यान ठेवले. कुरणाच्या फाटकावर 'तरुण कुटुंबांचे स्वागत' अशी पाटी लावली. तिच्या खालीच जुनी पाटी होती: 'चेंडू खेळू नये.' एक कुटुंब आलेही. संध्याकाळी सगळे कोठारातल्या प्रश्नमंजुषेला गेले तेव्हा ते आपल्या तंबूत एकटेच बसून राहिले, आणि सकाळी निघून गेले. "आजकालच्या लोकांना मिसळायलाच नको," असे सगळ्यांनी ठरवून टाकले.

शेवटी ऑगस्टच्या मेळाव्यात मंडळच बंद करायचे ठरले. रविवारी मंडळाच्या झेंड्याखाली सभा होणार होती आणि ठराव रोलंडच मांडणार होता. एनिड त्या कुरणाच्या शेतमालकीणबाईंना फोनवर म्हणाली, "मंडळ बंद झालं ना, की हिला तुझ्या कोंबड्यांसाठी घेऊन टाक. माझ्या डोळ्यांसमोर गंजायला नको." मित्रांनो, मी ढाल मिळवलेली कॅरॅव्हॅन, आणि माझ्या नारिंगी पडद्यांवर कोंबड्या बसणार! मी ताडपत्रीखाली थरथरले. त्या दिवशी वारा नव्हता.

एनिडच्या शेजारी टॅमसिन नावाची नर्स, तिचा नवरा जॉस आणि त्यांची दोन मुले राहत होती. शेवटच्या मेळाव्याला मला घेऊन जा, असे एनिडने त्यांना सांगितले. टॅमसिनने ताडपत्री काढली, गोगलगायी झुडपात सोडल्या आणि मला घासून काढले. एनिड त्यांच्याबरोबर आली. तिची झोपायची सोय शेतमालकीणबाईंकडे होती.

कुरणात शिरताच सगळे मंडळ चहाचे मग घेऊन बाहेर आले. जॉसने आयुष्यात कधी कॅरॅव्हॅन मागे घेतली नव्हती. तो चाक डावीकडे वळवी तेव्हा मी उजवीकडे जाई. तो घामाघूम झाला. चारही बाजूंनी सल्ले सुरू झाले. अखेर तो वैतागला, कुरणाला एक मोठी चक्कर मारून सरळ पुढूनच आला, आणि मला खुंटीजवळ उभी करून मोकळा झाला. माझे दार उजवीकडे होते. आणि उजवीकडे रोलंडची कॅरॅव्हॅन होती. इतकी वर्षे त्याने माझी पाठ पाहिली होती, आता आमची दारे समोरासमोर आली. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रोलंड दोरी घेऊन आला. "पोरा, दार भलत्याच बाजूला आलंय."

"आलंय ना? मला वाटलं, येतंय की नाही!" जॉस कपाळ पुसत म्हणाला.

"वळवावी लागेल."

टॅमसिन आतून बाहेर आली. "अहो, मी रात्रपाळी करून आलेय. ही आता हलली तर मी इथेच गवतात आडवी होईन, सांगून ठेवते."

"आग लागली तर? अंतराचा नियम आहे, बाई."

"मग मोज ना!" एनिड म्हणाली. "दोरी काय मिरवायला आणलीस?"

रोलंडने मोजले. पुन्हा मोजले. अंतर भरत होते, वर थोडे उरतही होते.

"मग मोडला कुठला नियम?" एनिडने विचारले.

रोलंड दोरी गुंडाळू लागला. "अशी पद्धत नाही आपली," तो म्हणाला. "सकाळी बघू."

सकाळी कुणी काही बघितले नाही. रोलंड आपल्या दारात खुर्ची टाकून डुकराच्या मांसाचा पाय खात बसला होता. पाय म्हणजे तंगडी नव्हे, आमच्याकडची भरलेली, भाजलेली जाड पोळी. तो एकटाच असायचा, बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. टॅमसिनचा तीन वर्षांचा रेफ एका पायात बूट घालून गवत ओलांडून गेला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"काय पाहिजे?" रोलंडने विचारले.

"ते."

रोलंडने एक तुकडा मोडून दिला. रेफने तो खाल्ला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. थोड्या वेळाने मोठी बहीण नेल आली. "आमचा भाऊ तुमच्याकडेच राहणार आहे का?" तिने विचारले. "म्हणजे आईला तसं सांगते." रोलंड हसला. मी त्याचा हसरा चेहरा पहिल्यांदाच समोरून पाहिला. आजवर मला त्याचा नुसता आवाज ऐकू यायचा.

संध्याकाळी तो म्हणाला, "चला, प्रश्नमंजुषा आहे कोठारात."

"आम्हाला नाही जमायचं," टॅमसिन म्हणाली. "मुलं झोपताहेत. त्यांना इथे टाकून कसं येणार?"

रोलंड थबकला. आधीचे ते कुटुंब त्याला आठवले असावे. "मग ती मंडळी म्हणून... अहो, पण बोलायचं नाही का कुणी?"

"विचारलं होतंत का त्यांना?"

रोलंड आपल्या दाराकडे वळला. तो आपल्या खुर्चीत बसला, चष्मा लावला आणि म्हणाला, "ठीक आहे. मी इथून विचारतो, तुम्ही तिथून सांगा. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात किती?"

हे ऐकून एकेक जण कोठाराकडे जाता जाता थांबला. खुर्च्या आल्या, चहाचे मग आले, कुणी केक आणला. पाहता पाहता दोन दारांमधल्या गवतावर सारे मंडळ जमले. ऊन अजून टेकडीवर होते.

"आठ," शेतमालकीणबाई ठासून म्हणाल्या.

"एकही नाही," जॉस म्हणाला. "नेलच्या पुस्तकात आहे."

"बरोबर!" रोलंड म्हणाला.

"जन्म गेला मेंढ्यांत, आणि मला पत्ता नाही!" बाई म्हणाल्या, आणि सगळे तोंडावर हात दाबून हसू लागले, कारण मुले माझ्या पोटात झोपली होती. अर्धे प्रश्न झाले असतील तोच रेफ जागा झाला. रोलंडने खेळ लगेच थांबवला. एनिड माझ्या पायरीवर बसली होती. तिने माझ्या पत्र्यावर हात टेकला, आणि तिला काय वाटत होते ते मला कळले. मला तेच वाटत होते: हे संपू नये.

रविवारी सगळे झेंड्याखाली जमले. मी लांबून पाहत होते. शेतातल्या दोन कोंबड्या माझ्या चाकांपाशी घुटमळत होत्या, जागा पसंत करायला आल्यासारख्या. रोलंड उभा राहिला आणि घसा खाकरला.

"आज मी मंडळ बंद करा असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "पण कालची प्रश्नमंजुषा अर्धीच राहिलीय. काम अर्धवट टाकून उठायची आपली रीत नाही. सप्टेंबरात पुरी करू. आणि फाटकावरची ती चेंडूची पाटी आजच कुणीतरी काढा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. एनिडने डोळे पुसले आणि मालकीणबाईंना म्हणाली, "कोंबड्यांचं तू दुसरीकडे बघ हं." मित्रांनो, माझ्या खांद्यावरून केवढे ओझे उतरले म्हणून सांगू! मला खांदे नाहीत, तरीही.

पुढचा महिनाभर जॉस मला बाजारापुढच्या मोकळ्या वाहनतळावर नेऊन मागे घेण्याचा सराव करत होता. एनिड खुर्चीत बसून हातवारे करायची. आता तिला नीट दिसत नसे, पण आवाज पूर्वीसारखाच होता. सप्टेंबरच्या मेळाव्यात जॉसने मला एका दमात मागे घेतले. कोपरा खुंटीला, दार डावीकडे, अगदी पद्धतीप्रमाणे. सारे मंडळ वाहवा करत होते. जॉस ऐटीत उतरला आणि रोलंडकडे वळला.

रोलंडची कॅरॅव्हॅन फिरवून लावलेली होती. तिचे दार उजवीकडे गेले होते. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून उभ्या होतो.

"हे काय, तू सरळ लावलीस?" रोलंड ओरडला.

"आणि तुम्ही फिरवलीत?"

"अरे, तुमच्यासाठी फिरवली! तुला मागे घेता येत नाही म्हणून!"

"आणि मी तुमच्यासाठी शिकलो! तुम्हाला पद्धत लागते म्हणून!"

एनिड हसून हसून खालीच बसली. रेफ मात्र हसला नाही. तो दोन कॅरॅव्हॅनच्या मधल्या गवतावर गेला, एकदा माझ्या पाठीकडे आणि एकदा तिच्या पाठीकडे बघितले, आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "दार कुठे गेलं?"

दोघेही एकदम आपापल्या मोटारीकडे धावले. "मी वळवतो," "छे, मी वळवतो," असा वाद पुढे चहा होईपर्यंत चालला. मंडळात भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतके गोड भांडण पहिल्यांदाच पाहिले.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना नुसते झाकून जपू नका. वापरा, घासा, धुळीत न्या, मुलांना आमच्यात झोपू द्या. आणि तुमच्या रांगेत कुणी नवे बिऱ्हाड चुकीचे येऊन उभे राहिले, तर आधी त्यांना चहा विचारा. वळवायचेच असेल तर ते उद्याही वळवता येईल.