चिडके काका बसमध्ये चढतात

मोठ्यांसाठीच्या एका कार्टून मालिकेत 'चिडके काका' नावाचं पात्र होतं. त्यांची वाक्यं लिहायचं काम एका घरातल्या धाकट्या भावाकडे होतं. काका उठता-बसता बायकांना नावं ठेवायचे आणि दर भागात तोंडावर पडायचे. 'बाई आणि ब्रेक, दोघांचाही भरवसा नाही,' हे वाक्य त्याने चहा निवेपर्यंत खरडलं होतं; आता ते पोराटोरांच्या तोंडी होतं.

त्याची वहिनी शहराची बस चालवायची. एका रविवारी जेवताना पुतणीने सांगून टाकलं, की आईला बसमध्ये रोज कुणीतरी हेच वाक्य ऐकवतं, आणि डेपोत तिच्या लॉकरवर काकांचं चित्र चिकटवलंय. वहिनीने लेकीला डोळ्यांनीच दटावलं. धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला. ज्याचं हसं व्हावं म्हणून एवढा खटाटोप, त्यालाच लोकांनी आपला वकील नेमलं होतं.

सोमवारी त्याने घाईघाईने नवा प्रसंग लिहिला. त्यात काकांची मुलगी त्यांना दीड पान समानता शिकवत होती. मुख्य लेखिकेने तो वाचला आणि शांतपणे बाजूला ठेवला. हे ऐकताना लोक पाणी प्यायला उठतील, एवढंच ती म्हणाली.

काकांना मालिकेतूनच काढायचं असं ठरवून तो दुपारी डेपोत गेला. कामाची पाळी संपवून वहिनी बसचा आरसा पुसत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काढू नका, भाऊजी. तुम्ही काढलंत तरी ते माझ्या बसमध्ये चढणारच आहेत."

मग तिने हसत सांगितलं, की जो जास्त बडबडतो तोच आधी पेंगतो. तिसऱ्या थांब्याला मान मागे, तोंड उघडं. शेवटच्या थांब्यावर हलवून उठवावं लागतं.

"भरवसा नसता तर इतकी गाढ झोप लागली असती का?"

त्याने तेच लिहिलं. काका बाई चालवत असलेल्या बसमध्ये चढले, दोन मिनिटं तोंडसुख घेतलं आणि घोरायला लागले. तुंबलेला रस्ता, आडवी आलेली गाय, चढावर बंद पडलेला ट्रक, यातलं त्यांना काहीच कळलं नाही. भाषण कुठेच नव्हतं. वाचताना हसून हसून मुख्य लेखिकेने चष्मा काढून डोळे पुसले.

तो भाग लागला म्हणून जग काही सुधारलं नाही. लॉकरवरचं चित्रही वहिनीलाच खरवडून काढावं लागलं. पण पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. बसमध्ये एकाने ते वाक्य सुरू केलं, तर मागून एक आजी म्हणाल्या, "झोपा आता, काका." सगळी बस हसली. तो माणूसही ओशाळून हसला आणि आजींना खिडकीची जागा देऊन उभा राहिला.

"आणि एक सांगते," वहिनी म्हणाली, "तुमच्या चित्रकारांनी बसच्या चित्रात गिअरचा दांडा दाखवलाय. आमच्या नव्या गाड्यांना तो नसतोच. मंगळवारी सगळ्यांना घेऊन या, गाडीत बसवून दाखवते."

मंगळवारी डेपोच्या फाटकाशी धाकट्यासकट मालिकेतले सात जण वह्या घेऊन उभे होते.