बय्यूमीच्या हंड्यावर सुकलेली नोट

मी दहा गिनींची कागदी नोट. कैरोची. सांगते ते ऐका, पण मला ओढू नका. मधोमध चिकटपट्टी आहे.

जन्म मध्यवर्ती बँकेच्या छापखान्यातला, कापसाच्या कागदावर. एका अंगाला मशीद, दुसऱ्या अंगाला जुना राजा. गव्हर्नरांची सही घेऊन बाहेर पडले. त्याआधी नुसता कागद होते. पुढे एकदा बँकेने माघारी बोलावले. तिथे मशीन मळक्या नोटा वेगळ्या काढते, त्यांचा भुगा होतो. मी पास झाले. पुन्हा बाजारात आले.

आले ती बय्यूमीच्या गाडीवर. तो बाकल्याची उसळ विकतो. हात कायम ओले, म्हणून आलेली नोट तो गरम हंड्याच्या खांद्यावर सुकत ठेवतो. पण भवानीची नोट आधी ओठांना लावतो, मग कपाळाला. त्या सकाळी भवानीची मी होते. दुपारच्या आत हंडा रिकामा झाला. तेव्हापासून त्याने मला कुणाला दिले नाही. रोज गाडी लावली की आधी मलाच कपाळाला लावायचा. त्या ओल्या हातांनी एकदा मधोमध फाटले, तर चिकटपट्टी लावून ठेवले.

मग ती आली. प्लास्टिकची. किंमत माझ्याइतकीच, पण अंगावर राणी. भिजत नाही, फाटत नाही.

बय्यूमीची बायको नबविय्या म्हणाली, "अहो, ती चिंधी कसली कपाळाला लावता? ही बघा, कशी नटून आलीये!"

"गप गं. पायगुण आहे तिचा."

"डोंबलाचा पायगुण! परवा मी गुपचूप चालवायला गेले, तर मायक्रोबसवाला म्हणतो, मावशी, ही नोट आहे की मलमपट्टी?"

बय्यूमी हसला. तेच मला लागले. दुसऱ्या दिवशी त्याने त्या नव्या नोटेला ओठांना लावले, कपाळाला लावले. मी गल्ल्यातून पाहिले. जळले. खोटे कशाला बोलू?

मग हाताच्या सवयीने त्याने तिला हंड्यावर ठेवले. सुकायला! जी भिजतच नाही तिला! बघता बघता ती आक्रसली, वाळक्या पानासारखी वळली.

"अरे देवा!" बय्यूमी ओरडला. मी खूश.

बकरी ईद तोंडावर आली. नातवंडांना द्यायला कोऱ्या नोटा हव्यात, म्हणून नबविय्याने आम्हा दोघींना बँकेत नेले. मी गल्ल्यातून गेले, बय्यूमीने अडवले नाही.

"मावशी, या दोन्ही आता चालायच्या नाहीत," खिडकीतली बाई म्हणाली. "मध्यवर्ती बँकेकडे पाठवते. या घ्या कोऱ्या." मग तिने प्लास्टिकची उचलून पाहिली. "अगंबाई! ही तर नवीच होती की हो. काय ही दशा!"

"काय सांगू बाई, जीव तुटतो बघून," नबविय्या म्हणाली. रांगेतले दोघेतिघेही हळहळले.

मला बाईने न बघताच बाजूला टाकले.

आता आम्ही एका गठ्ठ्यात आहोत. ती वर, मी खाली. मशीन दोघींनाही सोडणार नाही. त्याचे मला काही नाही. पण आयुष्यभर राबले मी, ती धड महिनाभरही नाही, आणि हळहळ सगळी तिच्या वाट्याला.

तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी आली तर एकदा 'अरेरे' म्हणा. जरा मोठ्याने म्हणा. त्या बिचारीला ऐकू गेले पाहिजे.