बोअरच्या पाण्याचे डाग

काळी गाडी घेऊ नका, असं मी जयराजला फोनवर कितीदा तरी सांगितलं होतं. आटपाडीची धूळ, त्यात ऊन, त्यात बोअरचं पाणी. पण फौजेतल्या माणसाच्या एकदा मनात भरलं की भरलं. मागच्या सुट्टीत त्यानं जुनीच पण झकास गाडी आणली, मला चालवायला शिकवली आणि जाताना म्हणाला, "पुढच्या बारीला कराड स्टेशनावर तूच घ्यायला ये. एकटीच ये."

एकटीच. त्या एका शब्दावर मी वर्ष काढलं. आमच्या घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं, आणि पाहुणे तर कायमचेच. जयराज सुट्टीवर आला की अख्खी आळी सोप्यात येऊन बसते. सगळ्यांसमोर मी त्याला अहो-जाहो करते, मनात मात्र अरे-तुरे. त्याच्याशी दोन शब्द बोलायचे तर भांडी आपटून त्याला स्वयंपाकघरात बोलवावं लागतं. कराड ते आटपाडी मात्र दोन तासांहून जास्तच रस्ता. बंद काचा, तो आणि मी. त्या रस्त्यात त्याला काय काय सांगायचं ते मी कपडे वाळत घालताना ठरवायचे आणि रोज त्यात नवी भर पडायची.

आणि इकडे माझ्या सासूबाई, साळूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणते), त्या गाडीच्या मुळावर उठल्या होत्या.

रोज भाकरी उरकल्या की आत्याबाई बादली आणि लुगड्याचा धडपा घेऊन अंगणात हजर. तापलेल्या पत्र्यावर तांब्यानं पाणी ओतायचं, धुळीसकट खसाखसा घासायचं आणि ओली गाडी तशीच उन्हात सोडून द्यायची. आमच्या पाण्यात एवढा क्षार, की चहाच्या पातेल्यालाही पांढरं पुट चढतं. गाडीवरचं पाणी उन्हात उडून जायचं आणि थेंबाच्या जागी पांढरा ठिपका राहायचा.

"आवं आत्याबाई, सावलीत घिऊन धुवा की," मी सांगून थकले. "आन् लगेच मऊ कापडानं कोरडी करा. पाणी वाळलं की खार रंगात उतरतोय."

"रोज न्हाई धुतली आन् त्यो आला तर? फौजेतली रजा, कवा मिळंल सांगता येतं व्हय? लेकरू दारात आलं की गाडी धुतलेली दिसाय नगं?"

"फोन करून येत्यात की आता!"

पण ते त्यांना पटायचं नाही. मी व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन, त्यात कापड भिजवून डागांवर ठेवून पाहिलं. काचेवरचे डाग गेले, बॉनेटवरचे जागचे हलले नाहीत. दारांवर घासून घासून ओरखड्यांची जाळी झाली होती. टपावर मात्र एक ठिपका नव्हता. तिथवर आत्याबाईंचा हातच पोचत नव्हता.

शेवटी रजा मंजूर झाली. त्याची रेल्वे दुपारची होती. मी ठरवलं, सकाळीच निघायचं, कराडात कैफच्या वॉशिंग सेंटरवर पॉलिश करून घ्यायचं आणि चकाचक गाडी घेऊन स्टेशनावर जायचं. निघताना बघते तर आत्याबाई जांभळं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसलेल्या, मांडीवर पिशवी.

"माझ्यापायी खराब झाली म्हंतीस न्हवं? मग बघती तरी कसं निघत्यात डाग."

सासऱ्यांसमोर काय बोलणार? कराडपर्यंतचा सगळा राग मी गिअरवर काढला.

कैफनं गाडी बघितली आणि हसला. "वैनी, बोअरचं पाणी न्हवं? थोडं डाग लय खोल ग्येल्यात. ते निघंपातूर घासलं तर वरचा पातळ थरच जाईल. ऱ्हाऊ देत."

तो मशीन फिरवत होता आणि आम्ही दोघी बाकड्यावर चहा घेत बसलो होतो. "बघ, निघालं की," आत्याबाई खुशीत म्हणाल्या, "आता जयराजला दावती." तिथं माझा तोल गेला.

"तुमी आलासा कशाला? घरात आमाला दोन शब्द बोलाय जागा न्हाई. ह्यो एक रस्ता माझा हुता. त्यो बी तुमी..."

आत्याबाईंनी उरलेला चहा बशीत ओतला आणि सावकाश प्यायला. मग पिशवी उचलली. "मला गाडीत मळमळल्यागत हुतंय बघ. मी आपली यष्टीनं जाती."

"आवं, पण त्यांची रेल्वे आता येईल."

"येऊ दे की. घरी बघीन. कुटं पळून जातोय त्यो?"

मी एकदाच अडवलं. दुसऱ्यांदा अडवलं नाही, कारण मला जे हवं होतं तेच झालं होतं.

जयराज उतरला तेव्हा मला आधी ओळखूच आला नाही, एवढा वाळला होता. त्यानं बॉनेटवरून हात फिरवला. "नवी करकरीत दिसतीया की! आई न्हाई आली?"

"घरी भेटतील," मी म्हणाले.

"चालीव मग, बघू तरी," म्हणत तो शेजारी बसला. कराड मागं पडलं. कुठून सुरुवात करावी तेच मला सुचेना. घसा खाकरून "आवं, मी काय म्हनते" म्हटलं आणि वळून पाहिलं तर गडी काचेला गाल लावून गाढ झोपलेला. दोन रात्री रेल्वेत काढलेल्या.

आधी रडूच आलं. मग मी वेग कमी केला, खड्डे चुकवत निघाले. त्याच्या हनुवटीवर एक नवी खूण होती, तिच्याबद्दल फोनवर एका शब्दानं बोलला नव्हता. त्याला असं निवांत, कुणाची नजर न चुकवता मी कधी बघितलंच नव्हतं. ठरवलेलं सगळं मी हळू आवाजात बोलून टाकलं. तो झोपलेलाच होता.

कडेगाव ओलांडल्यावर पुढं लाल एसटी दिसली. मागच्या खिडकीतून जांभळा पदर फडफडत होता.

हॉर्न मारून पुढं गेले असते तर झोपलेल्या जयराजला काही कळलं नसतं. पण मग आम्ही आधी पोचणार, अख्खी आळी त्याला बघणार आणि ही बाई सगळ्यांत शेवटी. कधी येईल सांगता येत नाही म्हणून जिनं वर्षभर रोज गाडी धुतली, ती. मला तो अजून तासभर एकटीलाच हवा होता. फार हवा होता. मी एसटीच्या मागंच राहिले.

विट्याला एसटी स्टँडात शिरली. मी गाडी बाहेर झाडाखाली लावली, आत गेले आणि खिडकीशी उभी राहिले. "आत्याबाई, उतरा. गाडीत झोपल्यात ते."

त्या पिशवी सावरत उतरल्या आणि माझ्यापुढं चालत सुटल्या. गाडीपाशी येऊन थांबल्या. काचेला टेकलेल्या त्याच्या गालाकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"किती वाळलाय गं," त्या पुटपुटल्या.

"उठवू?"

"नगं. घरी गेल्यावं समदी उठीवत्यालच त्येला."

त्या मागं बसल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं. पुढचा रस्ता मोकळा होता, तरी मी रमतगमत चालवत राहिले. आरशात बघितलं तर आत्याबाई दोन सीटच्या मधून वाकून त्याच्याकडंच बघत होत्या.

भिवघाटाच्या अलीकडं तीच एसटी मागून आली आणि हॉर्न वाजवायला लागली. मी गाडी कडेला घेतली.

"जाऊ दे तिला फुडं," आत्याबाई कुजबुजल्या. "तू हळूच चालीव."